नाव कोरा, पण हिशेबही कोरा

महाराष्ट्रात 'डोनेशन' हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस आधी आवाज खाली करतो. "किती द्यावं लागलं?" हा त्याचा पुढचा प्रश्न. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली, गावोगाव कॉलेजं उभी राहिली आणि त्याबरोबर या शब्दाला एक नवाच अर्थ चिकटला. सीटसाठी मोजायची आणि पावती न मागायची रक्कम म्हणजे डोनेशन! चारच वर्षांनी, १९८७ साली, कॅपिटेशन फी घ्यायला बंदी करणारा कायदा राज्य सरकारला करावा लागला. कायदा आला, पण शब्दावरचा डाग काही गेला नाही. या शब्दाचा साधा, सरळ अर्थ 'देणगी' असा आहे, हे आपल्यापैकी किती जणांना चटकन आठवतं?

हा विषय आत्ताच काढायचं कारण म्हणजे फायनल इयरच्या कट्ट्यावर सध्या रंगलेला वाद. बॅच बाहेर पडताना कॉलेजला काहीतरी द्यायचं, अशी आपल्याकडे पद्धत आहे. लायब्ररीचं आणि लॅबचं डिपॉझिट परत मिळतं, त्यातले थोडे पैसे गोळा होतात आणि मग गट पडतात. एका गटाला वॉटर कूलर द्यायचा असतो, दुसऱ्याला रीडिंग रूममध्ये घड्याळ, तर तिसऱ्याला कॅंटीनसमोर सिमेंटचे बाक. एकमत फक्त एकाच मुद्द्यावर होतं, ते म्हणजे त्यावर बॅचचं नाव मोठ्या अक्षरांत हवं.

नाव घालायची आपल्याला भारी हौस. लग्नात दिलेल्या पातेल्यावर नाव, देवळाच्या पायरीवर नाव, घंटेवर नाव. गावच्या देवळातला पंखा तर तुम्ही पाहिलाच असेल. तिन्ही पात्यांवर लाल रंगात 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. आता गंमत अशी, की पंखा फिरत असला की नाव वाचता येत नाही, आणि नाव वाचता आलं की समजायचं, लाइट गेलीय! आपल्या कॉलेजातही बंद पडलेल्या कूलरवर 'सस्नेह भेट' ही पाटी अगदी शाबूत आहे. पाटीला मेंटेनन्स लागत नाही, कूलरला लागतो. चार वर्षं मशीन्सशी झटापट केलेल्या आपल्यासारख्यांना हा फरक वेगळा शिकवायला नको.

नाव घालण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माणसाला आपलं, आपल्या आईवडिलांचं नाव राहावंसं वाटतं, त्यात वाईट काय? माझं म्हणणं एवढंच, की ते नाव वस्तूला देण्याऐवजी मुद्दलाला द्यावं. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून दरवर्षी एक ठरलेलं काम करायचं, आणि किती मुद्दल, किती व्याज, कोणतं काम हे सगळं नावाखालीच सर्वांना दिसेल असं लिहायचं.

"हे सगळं अमेरिकेत ठीक आहे, आपल्याकडे नाही चालत," असं एका मित्राने मला लगेच ऐकवलं. त्याच्यासाठी खास नाशिकचं उदाहरण. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहा नंबरचं लेणं आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ते भिक्षूंना दान दिलं आणि तिथल्या भिंतीवर प्राकृतात एक लेख कोरून घेतला. त्यात काय आहे? तर त्याने ३,००० कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी, कायमची ठेव म्हणून दिली. त्या लेखातला शब्द आहे 'अक्षयनीवी', म्हणजे कधी न संपणारं मुद्दल. ही ठेव त्याने शेजारच्या गोवर्धन या गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. (श्रेणी म्हणजे कारागिरांची संघटना. त्या काळी बँकेचं कामही त्याच करत.) २,००० कार्षापण दरमहा एक टक्क्याने, आणि १,००० कार्षापण दरमहा पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणांची वस्त्रं, आणि एक हजाराच्या व्याजातून त्यांच्या इतर गरजा.

आता कॅल्क्युलेटर काढा. २,००० वर महिना एक टक्का म्हणजे वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, तेही २४०. पै न् पैचा हिशेब जुळतो! शिवाय हे सगळं निगमसभेत जाहीर करून, रीतसर नोंदवून घेतलं, असंही त्याच लेखात आहे. म्हणजे दात्याचं नाव आहे, रक्कम आहे, ती कुठे ठेवली ते आहे, व्याजाचा दर आहे, खर्चाचं काम आहे आणि जाहीर नोंद आहे. आज एखाद्या संस्थेला देणगीचा असा तपशील मागून पाहा, ऑफिसात कसे चेहरे होतात ते! आपण त्या लेखातलं फक्त नाव कोरायचं तेवढं उचललं आणि बाकीचा हिशेब गाळून टाकला.

मुद्दल आणि वस्तू यातला फरक बघायचा असेल तर एकाच दात्याच्या दोन देणग्या शेजारी ठेवून बघू. दाता मुंबईचा, प्रेमचंद रायचंद. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या तेजीतला हा सर्वात मोठा माणूस. त्याने १८६४ साली मुंबई विद्यापीठाला लायब्ररीसाठी दोन लाख आणि घड्याळाच्या टॉवरसाठी दोन लाख दिले. टॉवरला आईचं नाव मिळालं, तोच आपला राजाबाई टॉवर. १८६५ साली युद्ध संपलं, शेअरबाजार कोसळला आणि प्रेमचंद कर्जात बुडाला. पण दिलेलं दान काही बुडालं नाही. १८७८ साली टॉवर उभा राहिला आणि आजही मुंबईच्या फोटोंत दिमाखाने मिरवतोय. शेजारचा कॉन्व्होकेशन हॉल तसाच, सर कावसजी जहांगीर यांच्या एक लाखाच्या देणगीतून सुरू झालेला.

या वास्तू सुंदर आहेत, त्याबद्दल वादच नाही. पण वास्तू व्याज देत नाही, ती खर्च मागते. राजाबाई टॉवरची मोठी दुरुस्ती २०१५ साली पूर्ण झाली, आणि त्यासाठी टीसीएसला नव्याने देणगी द्यावी लागली. पहिल्या दात्याची इमारत उभी ठेवायला दुसरा दाता शोधावा लागतो, असा हा प्रकार.

त्याच प्रेमचंदने कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख रुपये दिले. तिथे टॉवर नाही बांधला. त्या पैशाच्या व्याजातून 'प्रेमचंद रायचंद स्कॉलरशिप' सुरू झाली. पुढे ती बंगालमधल्या हुशार मुलांच्या दृष्टीने सर्वात मानाची गोष्ट ठरली. इतिहासकार जदुनाथ सरकारांना ती मिळाली. त्यांच्याही आधी मिळाली ती आशुतोष मुखर्जींना, आणि खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

हेच आशुतोष मुखर्जी पुढे त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. विज्ञानाचं कॉलेज काढायचं त्यांच्या मनात होतं, पण सरकारकडून पुरेसा पैसा मिळेना. त्यांनी दोन नामांकित वकिलांना गाठलं. १९१२ साली तारकनाथ पालितांनी जमीन आणि पैसा मिळून सुमारे पंधरा लाखांचं दान दिलं, १९१३ साली रासबिहारी घोषांनी दहा लाख. त्यातून प्राध्यापकांची पदं तयार झाली, दात्यांच्या नावाची. पालितांनी अट घातली, की या पदावर भारतीयच नेमायचा. तो काळ लक्षात घ्या. मोठ्या पदांवर गोरेच असायचे तेव्हाची ही अट आहे. १९१७ साली पालित प्रोफेसर म्हणून कोण आलं? सरकारी हिशेब खात्यातली भरपूर पगाराची नोकरी सोडून, कमी पगारावर आलेले सी. व्ही. रामन! याच पदावर असताना १९२८ साली त्यांनी रामन इफेक्ट शोधला आणि १९३० साली नोबेल मिळवलं. मुंबईच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या दोन लाखांच्या व्याजावर शिकलेल्या मुलाने पुढच्या पिढीसाठी किती मोठं दार उघडलं, बघा. अर्थात रामन यांची बुद्धी काही देणगीतून आली नव्हती. पण त्या बुद्धीला बसायला एक खुर्ची लागते, आणि ती खुर्ची कोणाच्या तरी मुद्दलावर उभी होती.

खुर्चीवरून आठवलं. इंग्लंडमध्ये १६६३ साली हेन्री लुकस नावाचे एक गृहस्थ वारले. मृत्युपत्रात त्यांनी सांगून ठेवलं, की वर्षाला शंभर पौंड उत्पन्न देईल अशी जमीन घ्या आणि त्यातून केंब्रिजला गणिताचा एक प्राध्यापक नेमा. या पदावर दुसरा माणूस बसला तो न्यूटन. पुढे बॅबेज, डिरॅक आणि १९७९ ते २००९ अशी तीस वर्षं स्टीफन हॉकिंग. लुकस यांनी तेव्हा त्याच पैशात एखादी इमारत बांधली असती, तर आज त्यांचं नाव मी तुम्हाला सांगत बसलो असतो का?

मात्र अटींची दुसरी बाजूही आहे. पालितांच्या देणगीत प्राध्यापकाने परदेशी जाऊन प्रशिक्षण घ्यावं अशीही अपेक्षा होती. रामन यांनी त्याला साफ नकार दिला, आणि आशुतोषबाबूंनी त्यातून मार्ग काढला. तो काढला नसता तर? म्हणून अट असावी, पण तिच्यातून वाट काढायची सोयही लिहून ठेवलेली असावी. दाता मागे राहत नाही, अट राहते. आपल्याकडे 'धर्माची गाय आणि दात का नाय' अशी म्हण आहे. फुकटच्या गाईचे दात मोजायचे नसतात, असं तिचं सांगणं. घरातल्या गाईपुरतं ते ठीक आहे. विद्यापीठाने मात्र दात नक्की मोजावेत. ती गाय शंभर वर्षं सांभाळायची असते.

आता मूळ भानगड, नावाची किंमत किती? याला काही रेटकार्ड नाही. १८८५ साली पुण्यात फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं, ते गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या नावाने. त्यांनी दिलेली देणगी होती १,२०० रुपये. खरी देणगी कोणाची? तर महिना पंचाहत्तर रुपयांवर तिथे शिकवायला उभ्या राहिलेल्या गोखल्यांसारख्या आजीव सदस्यांची. त्यांच्या नावाने कॉलेज नाही. याउलट, १९१६ साली महर्षी कर्व्यांनी सुरू केलेल्या महिला विद्यापीठाला १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव लागलं. आज आपण 'एसएनडीटी' म्हणतो तेव्हा एका आईचंच नाव घेत असतो. रुपया-दोन रुपयांची वर्गणी मागत हिंडलेल्या कर्व्यांनी मोठी देणगी आली तेव्हा नावासाठी हटून बसून ती घालवली नाही, हे मला त्यांचं मोठेपण वाटतं.

पण सगळीच नावं विकाऊ नसतात. कर्मवीर भाऊराव पाटलांची एक आठवण साताऱ्याकडे आजही सांगितली जाते. शिवाजी महाराजांचं नाव बदलून आपलं नाव द्या, मोठी रक्कम देतो, असं एक धनिक म्हणाला आणि कर्मवीरांनी त्याला तोंडावर नकार दिला. ज्या संस्थेने घरोघरच्या मूठमूठ धान्यावर वसतिगृहं चालवली, तिला नाही म्हणायची हिंमत होती. मूठभर देणारे हजारो असले, की पोतंभर देणाऱ्या एकापुढे वाकावं लागत नाही.

आणि नाव नको म्हणणारेही असतात. जमशेटजी टाटांनी विज्ञान संस्थेसाठी मुंबईतल्या आपल्या इमारती आणि जमिनी मिळून तीस लाखांची मालमत्ता देऊ केली, पण संस्थेला आपलं नाव नको असंच त्यांचं म्हणणं होतं. म्हैसूर संस्थानाने जमीन दिली, आणि जमशेटजींच्या मृत्यूनंतर १९०९ साली बंगलोरला संस्था स्थापन झाली. नाव 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स'. पण आजही बंगलोरच्या जुन्या रहिवाशाला विचारा, तो 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणूनच पत्ता सांगेल. नाव पाटीवर नसलं तरी राहतं ते असं!

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, चला, मुद्दल ठेवलं की काम झालं. तसंही नाही. मुद्दलालाही गंज चढतो, आणि त्या गंजाचं नाव महागाई. समजा, १९६० साली कोणी पाच हजार रुपये सुवर्णपदकासाठी ठेवले. सहा टक्क्यांनी वर्षाला ३०० रुपये. तेव्हा सोनं दहा ग्रॅमला साधारण ११०-११५ रुपये होतं, म्हणजे व्याजात पंचवीस ग्रॅमचं पदक सहज बसायचं. आज दहा ग्रॅमला लाखाच्या वर मोजावे लागतात. ३०० रुपयांत सोन्याचा कण येईल, पदक कसलं! मग पदकावर पाणी चढवायचं, नाहीतर नुसतं सर्टिफिकेट द्यायचं. जुन्या संस्थांच्या वार्षिक अहवालात अशा बक्षिसांची यादी असते. ती वाचताना हसू येतं आणि वाईटही वाटतं. कुणीतरी मुलाच्या आठवणीत, पोटाला चिमटा काढून दिलेली ती रक्कम असते.

यावर उपाय साधाच आहे. टाकीत येणाऱ्या पाण्यापेक्षा जाणारं पाणी कमी ठेवायचं. सगळं व्याज खर्च न करता त्यातला काही भाग दरवर्षी मुद्दलात टाकायचा. परदेशातली मोठी विद्यापीठं हेच करतात. दरवर्षी एकूण निधीच्या साधारण चार-पाच टक्के एवढंच खर्च करायचं, बाकीचं उत्पन्न मुद्दलात. हार्वर्डचा निधी २०२४ साली ५३ अब्ज डॉलरच्या घरात होता. सुरुवात झाली होती १६३८ साली, जॉन हार्वर्ड नावाच्या एका तरुण पाद्र्याच्या अर्ध्या मालमत्तेने आणि काही शे पुस्तकांनी.

आपल्याकडचा याहून चतुर उपाय म्हणजे जमशेटजींनीच १८९२ साली सुरू केलेला जे. एन. टाटा एंडोमेंट. परदेशी उच्चशिक्षणाला जाणाऱ्या मुलांना मदत, पण दान म्हणून नाही, कर्ज म्हणून. शिकून आलेल्याने ते फेडायचं, आणि तोच पैसा पुढच्याला द्यायचा. के. आर. नारायणन, राजा रामण्णा, आपले जयंत नारळीकर हे सगळे या वाटेने गेले. घेणाऱ्याची मान ताठ राहते आणि निधीही आटत नाही.

आता आजच्या काळात येऊ. २०२३ साली नंदन निलेकणींनी आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले. त्याच वर्षी एका माजी विद्यार्थ्याने नाव न सांगता १६० कोटी दिले आणि १९९८ च्या बॅचने मिळून ५७ कोटी जमवले. वाचून छाती फुगते. पण आपल्यासारख्या कॉलेजातल्या मुलाच्या मनात लगेच येतं, "ते आयआयटीवाले, आपलं काय?" प्रश्न चुकीचा नाही. पैसा पैशाकडेच जातो, हे दानातही खरं आहे. ज्या कॉलेजात मुलाला सेमिस्टरची परीक्षा फी भरायला मित्रांकडून उसने घ्यावे लागतात, तिथे कोणी निलेकणी येत नाही. कंपन्यांचा सीएसआरचा पैसाही संस्थेच्या कायम निधीत टाकायला २०२१ पासून चालत नाही. त्यामुळे कंपनी येते, एक लॅब रंगवून देते, रिबीन कापते आणि जाते. लॅबमधल्या मशीनचं पाचव्या वर्षी काय, हा प्रश्न आपल्यासाठी उरतो. म्हणजे कायमचं मुद्दल उभं करायचं काम माजी विद्यार्थ्यांनीच करायचं आहे. दुसरं कोणी ते करणार नाही.

आक्षेप येणारच. पहिला, आणि सर्वात वजनदार: "शिक्षणाला पैसा देणं हे सरकारचं आणि मॅनेजमेंटचं काम. आम्ही फी भरली, वर पुन्हा आम्हीच द्यायचं?" मला हा आक्षेप मान्य आहे. म्हणूनच असा निधी पगाराला, लाइटबिलाला, इमारतीच्या रंगाला अजिबात वापरू नये, असं लिहूनच ठेवावं. ती ज्यांची जबाबदारी आहे त्यांचीच राहू दे. निधी फक्त विद्यार्थ्यासाठी. दुसरा आक्षेप, देणाऱ्याचा पैसा कुठून आला कोणास ठाऊक. हाही खरा. अमेरिकेतलं येल विद्यापीठ ज्याच्या नावाने आहे तो एलिहू येल ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रासचा गव्हर्नर होता, आणि गैरव्यवहाराच्या आरोपांवरून त्याला पदावरून काढलं होतं. १७१८ साली त्याने पाठवलेला माल विकून सुमारे ५६२ पौंड आले, आणि तेवढ्यावर तीनशे वर्षांची कीर्ती! देणगी घेताना चौकशी करावीच, आणि नाव देताना तर दोनदा. तिसरा आक्षेप सर्वात जवळचा: "पैसे खातील." त्यावर उपाय म्हणजे नाशिकची भिंत. सगळं उघड्यावर कोरा.

म्हणून आपल्या बॅचपुढे एक प्रस्ताव मांडतो. चारशे ऐंशी जण आहोत. डिपॉझिटमधून प्रत्येकी हजार रुपये ठेवले तर ४,८०,००० रुपये होतात. (ज्याला डिपॉझिटची खरंच गरज आहे त्याच्याकडे मागायचेही नाहीत, आणि कोणी दिले, कोणी नाही याची यादीही लावायची नाही.) राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव, साडेसहा टक्के धरले तर वर्षाला ३१,२०० रुपये व्याज. त्यातले १२,००० पुन्हा मुद्दलात. उरलेल्या १९,२०० मधून सोळा मुलामुलींना परीक्षा फीसाठी प्रत्येकी बाराशे रुपये मिळतील. त्यांची नावं कुठेही जाहीर करायची नाहीत. नोकरी लागल्यावर ज्याला जमेल त्याने परत करावेत, टाटांच्या पद्धतीने, पण मागे तगादा नाही.

आकडा लहान आहे, मान्य. एकट्या आपल्या निधीला महागाई हळूहळू खाईल, हेही मान्य. पण पुढच्या दहा बॅचनी एवढंच केलं तर मुद्दल अठ्ठेचाळीस लाखांच्या पुढे जाईल आणि वर्षाला पावणेदोन लाखांहून जास्त खर्च करता येतील. तेव्हा परीक्षा फीच काय, कोणा मुलीचं हॉस्टेलचं वर्ष वाचवता येईल, कोणाच्या प्रोजेक्टचं सामान आणता येईल. निधीचं खातं वेगळं, सांभाळायला चौघं: प्राचार्य, एक शिक्षक, एक माजी विद्यार्थी आणि एक चालू विद्यार्थी. दर ऑगस्टमध्ये हिशेब नोटीस बोर्डावर. ऑगस्टमध्ये लागला नाही तर पुढच्या बॅचने देणगी रोखून धरावी, हेही नियमातच लिहून टाकू.

नाव कोणाचं द्यायचं? बॅचचं वर्ष घालायचं असेल तर घाला. मला विचाराल तर वर्कशॉपच्या मामांचं द्यावं. फायलिंग करताना आपल्या हाताला फोड आले तेव्हा जॉब फिरवून धरायला ज्यांनी शिकवलं, आणि पावसाळ्यात सबमिशनच्या दिवशी उशिरापर्यंत लॅब उघडी ठेवली, त्यांचं नाव आजवर कोणत्याच पाटीवर लागलेलं नाही. पण ते बॅचने ठरवावं. पाटी मात्र चार ओळींची हवी: नाव, मुद्दल, यंदाचं व्याज, यंदा किती जणांना मदत. पहिली ओळ रंगवलेली चालेल. बाकीच्या तीन ओळी खडूने लिहायच्या, कारण त्या दरवर्षी बदलल्या पाहिजेत.

डिपॉझिट परतीचे फॉर्म परीक्षेच्या आधी मिळतात. कूलर की बाक, हा वाद तोवर घालत बसण्यापेक्षा प्रत्येक वर्गाच्या सीआरने एक कागद फिरवावा आणि ज्यांना पटतंय त्यांच्या सह्या घ्याव्यात. अर्ध्या बॅचने जरी हो म्हटलं तरी पुढच्या वर्षी आठ जणांची फी वेळेवर भरली जाईल. ते आठ जण कोण, हे आपल्याला कधी कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही.

– अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी